खराटा कुणाच्या हातात?

आषाढी द्वादशीला पारणं सुटलं की पंढरपूर हळूहळू मोकळं व्हायला लागतं. पालख्या पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबतात, पण बहुसंख्य वारकरी बारशीलाच एसटी स्टँड नाहीतर रेल्वे स्टेशन गाठतात. मागे राहतात पत्रावळ्या, कागदी कप, पाण्याच्या बाटल्या, फाटलेले रेनकोट आणि नाकाला रुमाल लावल्याशिवाय ज्यांच्याजवळ जाता येत नाही अशा गोष्टी. हे सगळं उचलायला दोन प्रकारची माणसं येतात. नगरपरिषदेचे आणि ठेकेदाराचे सफाई कामगार हे पहिले. सेवेला म्हणून आलेले लोक हे दुसरे: कॉलेजची पोरं, निवृत्त मास्तर, छातीवर संस्थेचं नाव छापलेले टी-शर्ट घालून आलेले पतसंस्थेचे कर्मचारी. काम एकच. पहिल्यांची हजेरी मुकादम मांडतो, दुसऱ्यांची म्हणे विठ्ठल.

नदीकाठच्या ६५ एकरांच्या भक्तिसागर तळावर एका राहुटीबाहेर चहा चालला होता, तिथे या दोन प्रकारांवरून वाद पेटला. एका बाजूला एक गुरुजी. दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, द्वादशीला घरून आणलेला खराटा घेऊन झाडणारे. गाव कोणतं विचारलं तर आधी गाडगेबाबांच्या शेंडगावचं नाव सांगतील आणि मग तिथून आपलं गाव किती कोसांवर ते. दुसऱ्या बाजूला सोलापूरच्या वकीलबाई, सफाई कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या. त्या झाडायला आल्या नव्हत्या. ठेकेदारानं हातमोजे दिलेत का, ते बघायला आल्या होत्या. दिले होते. पण सगळे एकाच मापाचे, पुरुषी पंजाचे, आणि झाडणाऱ्यांत बायकाच जास्त. मोजे कमरेला खोचून त्या उघड्या हातांनी काम करत होत्या.

गुरुजींनी जवळचा जादा खराटा पुढे केला. "घ्या ताई, थोडा हात लावा. बरं वाटतं."

"नको गुरुजी. आमच्या घरानं पुष्कळ लावलाय."

गुरुजींना रोख कळला. पण ते मागे हटणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "मी आपलं माझ्यापुरतं सांगतो. शाळेत असताना मी वर्गात शिरलो की साठ पोरं उभी राहायची. निवृत्त झालो आणि घरात कुणी उभं राहीना. डोकं फिरायचं बापा. बायकोशी भांडण, सुनेशी अबोला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून शेगावला सेवेला गेलो."

गजानन महाराज संस्थानाची सेवेकरी पद्धत महाराष्ट्राला ठाऊक आहे. हजारो माणसं पाळीपाळीने येतात, पगार घेत नाहीत, चपला सांभाळतात, फरशा पुसतात, पंगतीत वाढतात आणि समोर येईल त्याला, तो मिसरूड न फुटलेला पोरगा असला तरी, 'माउली' म्हणतात. अनेक वर्षं तिथला कारभार पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्ये गेले. संस्थानाचा चहासुद्धा ते घेत नसत, अशी त्यांची ख्याती. त्या शिस्तीत मुख्याध्यापकाला खुर्ची मिळत नाही.

"मला चपलांच्या खिडकीवर बसवलं," गुरुजी सांगत होते. "तिसऱ्या की चौथ्या तासाला समोर माझाच जुना विद्यार्थी उभा. त्यानं मला ओळखलं नाही. मी त्याला माउली म्हणालो आणि त्याच्या चपला उचलून कप्प्यात ठेवल्या. घशात आवंढा आला. पण त्या रात्री जी झोप लागली, तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. तुम्ही याला काय म्हणायचं ते म्हणा. मी उन्नती म्हणतो."

"मीसुद्धा उन्नतीच म्हणेन," वकीलबाई म्हणाल्या. "झोप लागली हे काही खोटं नाही. पण उन्नती झाली कुणाची? तुमची. माझी आई नगरपालिकेत तीस वर्षं झाडत होती. रोज पहाटे साडेचारला घराबाहेर. तुमच्या हिशेबानं ती केव्हाच पार पोचायला हवी होती. तिला मिळाला दमा आणि कायमचं पाठीचं दुखणं. एकच खराटा, तुमच्या हातात साधना होतो आणि तिच्या हातात जात राहते. हे कसं काय?"

चहावाल्यानं ग्लास भरता भरता मान वर केली. गुरुजी काही वेळ बोलले नाहीत.

या प्रश्नाला उत्तर द्यायला महाराष्ट्रात एकाच माणसाकडे जावं लागतं आणि गुरुजी अर्थात तिथेच गेले. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, जातीनं परीट. १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर किंवा हातात मातीचं गाडगं, दुसऱ्या हातात खराटा. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे, कुणाचं लाकूड फोडून द्यायचे, कुणाची वाट साफ करायचे, मग भाकरी. रात्री कीर्तन, आणि तेही वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारत विचारत: कर्ज कशापायी काढलं, देवापुढे बकरं काहून कापता, पोरगं शाळेत का जात नाही. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे ते बजावून सांगत. धर्मशाळा उभ्या केल्या त्या नाशिकला, देहूला, आळंदीला, पंढरपूरला. बायको आणि मुली मात्र ऋणमोचनला झोपडीत राहिल्या, धर्मशाळेच्या खोलीत नाही. पंढरीला येऊन हा माणूस दर्शनाच्या रांगेत लागला नाही. लोक देवळात जायचे तेव्हा हे वाळवंट झाडायचे.

जाता जाता एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. डेबूजी घराबाहेर पडले त्याच १९०५ सालच्या जूनमध्ये पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला आणि त्याच्या घटनेत सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवं, असं लिहून ठेवलं. गोखले हे इंग्रजी अर्थशास्त्र कोळून प्यालेले, कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलणारे गृहस्थ. देवदेवस्कीशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. शेंडगावचा निरक्षर परीट आणि पुण्याचा प्राध्यापक एकाच वर्षी एकाच निष्कर्षाला आले, आणि दोघांनाही ते एकमेकांकडून कळलेलं नव्हतं.

"बाबांवर माझा आक्षेप नाहीच गुरुजी," वकीलबाई म्हणाल्या. "आमच्या घरात बाबासाहेबांच्या शेजारी त्यांचा फोटो आहे. दोघं चौदा दिवसांच्या अंतरानं गेले, ६ डिसेंबर आणि २० डिसेंबर १९५६. पण बाबांनी खराटा मारून पुढे काय केलं ते बघा ना. याच पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण आमच्या माणसांना तेव्हा ना मठात जागा होती ना देवळात. देऊळ उघडलं ते १९४७ ला, साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा. आणि १९४९ मध्ये ती धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांच्या वसतिगृहासाठी. म्हणजे खराट्यापासून निघाले आणि वसतिगृहाला पोचले. तुम्ही भक्त मंडळी मात्र खराट्यालाच धरून बसलात."

हा घाव बसला. गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. निवृत्त शिक्षकांची ही जुनी युक्ती आहे, विचार करायला तेवढाच वेळ मिळतो.

मग त्यांनी विनोबांना आणलं. पवनारजवळ सुरगाव नावाचं खेडं आहे. १९४६ च्या सुमारास विनोबा तिथे रोज खांद्यावर फावडं टाकून जायला लागले, रस्त्यावरचा मैला उचलायला. किती दिवस चालवणार असं विचारलं तर म्हणत, निदान वीस वर्षं, एक पिढी बदलेपर्यंत. प्रत्यक्षात गांधीजींच्या हत्येनंतर ते काम सुटलं. पण त्या काळातला एक प्रसंग विनोबांनीच सांगितला आहे. पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्याला पूर आला, पलीकडे जाता येईना. पलीकडच्या काठावर एक माणूस दिसला, त्याला विनोबांनी ओरडून सांगितलं की देवळात जाऊन देवाला निरोप दे, गावचा सफाईवाला आला होता, पण पुरामुळे परत गेला.

"याला म्हणतात भाव," गुरुजींचा आवाज जरा ओला झाला होता. "गाव साफ करणं हीच पूजा. विनोबा म्हणजे देवाच्या दारी हजेरीच लावत होते."

"फार सुंदर आहे," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. "पण गुरुजी, पुराच्या दिवशी खरा सफाईवाला परत गेला असता ना, तर त्याचा खाडा लागला असता. देवाला निरोप धाडून भागलं नसतं, मुकादमाला सांगावं लागलं असतं. विनोबांना घरी परतता आलं. हवं तेव्हा सोडताही आलं. माझ्या आईला एक दिवस सोडता आलं नाही. सेवेतून जे काही मिळतं ते 'मी हे निवडलं' यातून मिळतं, असं मला वाटतं. ज्याला निवडताच आलं नाही त्याला तुम्ही सेवेचा उपदेश करू नका, एवढंच."

बाईंचं हे म्हणणं नवं नाही, आणि त्यांनाही ते माहीत होतं. १९४५ साली बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा जो हिशेब मांडला, त्यात हाच मुद्दा फार जहाल शब्दांत आहे. मैला उचलण्याचं काम थोर आहे, पवित्र आहे असं त्याच माणसांना सांगणं ज्यांच्यावर ते जन्मानं लादलं गेलं, ही त्यांच्या मते क्रूर थट्टा होती. गांधीजी स्वतः संडास साफ करत, १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्येही त्यांनी ते केलं होतं. बाबासाहेबांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण एखाद्याच्या स्वेच्छेनं केलेल्या कृतीतून दुसऱ्यावरच्या सक्तीला तेज चढतं, याला त्यांचा विरोध होता. या वादात गेल्या ऐंशी वर्षांत गांधींच्या बाजूनं पुष्कळ लिहिलं गेलं, पण या एका मुद्द्याला सरळ उत्तर क्वचितच मिळालं.

गुरुजींनी मग अहंकाराचा मुद्दा काढला. ते म्हणाले की सगळ्या धर्मांत हे औषध आहे. शिखांचं बघा. आमच्या महाराष्ट्रात नांदेडला जाऊन बघा, मोठमोठे व्यापारी जोडाघरात बसून लोकांचे जोडे पुसतात. आणि अमृतसरला तर डिसेंबर २०२४ मध्ये अकाल तख्तानं पंजाबच्या माजी उपमुख्यमंत्र्याला, सुखबीरसिंग बादलांना, लंगरची भांडी घासायला आणि संडास साफ करायला लावलं. पायाला प्लॅस्टर होतं तरी माणूस व्हीलचेअरवर येऊन बसला. दाराशी सेवा करत असताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली, नशिबानं वाचले. "मंत्र्यालासुद्धा सोडलं नाही. अहंकार उतरवायला याच्याइतका उपाय नाही."

"ती शिक्षा होती ना गुरुजी?"

"शिक्षा म्हणा, प्रायश्चित्त म्हणा."

"म्हणजे संडास धुणं ही शिक्षा. मग माझ्या आईला कोणत्या गुन्ह्याची झाली होती?"

इथे गुरुजी खरोखरच निरुत्तर झाले. शीख परंपरेच्या बाजूनं एक गोष्ट सांगता आली असती, ती त्यांना त्या क्षणी सुचली नाही: तिथे तेच काम रोज हजारो लोक शिक्षा नसताना, आपणहून करतात आणि शिक्षा झालेल्याला फक्त त्यांच्या रांगेत आणून बसवतात. पण बाईंच्या प्रश्नाचा रोख धर्मशास्त्राकडे नव्हताच.

बरं, वकीलबाईंची बाजू सगळी पक्की होती असंही नाही. त्यांचा भरवसा कायद्यावर आणि गुरुजींनी, सावरल्यावर, तिथेच बोट ठेवलं. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली.

"रक्कम का वाढवावी लागली ताई?" गुरुजींनी विचारलं. "कारण माणसं मरायची थांबली नाहीत. तीस वर्षं कायदा आहे. कायदा होता, पण त्या ड्रेनेजच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या साहेबाच्या पोटात काही तुटत नव्हतं. ते तुटायला कायदा पुरत नाही. ते कशानं तुटतं, हा माझा प्रश्न आहे. मी म्हणतो, एकदा स्वतःचा हात त्यात घातला की तुटतं."

"साहेबांनी घातलेला मी अजून पाहिला नाही."

"मुरलीधर आमट्यांनी घातला."

ही गोष्ट दोघांनाही पाठ होती, पण गुरुजींनी ती सांगितलीच. सांगायला हवी होती, कारण आनंदवनाबद्दल बोलताना लोक तिची सुरुवात विसरतात. बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करत होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगार पगारवाढ मागत होते. उपाध्यक्षसाहेब, तुम्ही एकदा डोक्यावर टोपली घेऊन बघा, असं त्यांनी सुनावलं. आमट्यांनी घेतली, आणि एक दिवस फोटोपुरती नाही, नऊ महिने. त्याच कामात, पावसातल्या एका संध्याकाळी, गटाराशी तुळशीराम दिसला, कुष्ठरोगानं झडलेला. आमटे घाबरून पळाले. पळाल्याची लाज त्यांना सोडेना. तो माणूस फार दिवस जगला नाही. पण त्या भीतीचा सूड म्हणावा तसे ते कुष्ठरोगाच्या मागे लागले. १९५१ मध्ये वरोऱ्याच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू झालं ते सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन. पुढे तिथल्या रोग्यांनी विहिरी खणल्या, भाजी पिकवली, शाळा-कॉलेजांच्या इमारती उभ्या केल्या. आमट्यांना देवाचं फारसं प्रेम नव्हतं, दानाचं तर नव्हतंच. फुकट दिलेल्यानं माणूस मरतो आणि कामानं उभा राहतो, हे त्यांचं सूत्र. आणि याच माणसाला १९९० मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला, जो धर्माच्या क्षेत्रातल्या कार्यासाठी दिला जातो. पुरस्कार देणाऱ्यांची गफलत झाली असं म्हणायला जागा आहे. पण देव न मानणाऱ्याच्या कामात धर्म दिसला, असंही म्हणता येतं.

वकीलबाईंनी इथे मान डोलावली, पण गोष्ट आपल्या बाजूला ओढून घेतली. "टोपली डोक्यावर घ्यायला लावली कुणी? कामगारांनी. युनियननं. आध्यात्मिक अनुभव घ्यायला गेले नव्हते ते, मागणीला उत्तर द्यायला गेले होते. असं काम झालं की मला पटतं. तुम्हाला आप्पासाहेब पटवर्धन माहीत आहेत? आमच्या वकिलीच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हते."

गुरुजींना नाव माहीत होतं, गांधीजींच्या आत्मकथेचे मराठी अनुवादक म्हणून. बाकीचं बाईंनी सांगितलं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, रत्नागिरी जिल्ह्यातले चित्पावन, प्राध्यापकी सोडून गांधींकडे गेलेले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे संडास साफ करायचं काम जात बघून दिलं जायचं. आप्पासाहेब म्हणाले, ते मला द्या. तुरुंगानं नाही म्हटलं, कारण ते वरच्या जातीचे. त्यांनी अन्न कमी करत नेलं, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहिलेला माणूस, असा इतिहास दुसरीकडे सापडायचा नाही. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून मेलेली ढोरं फाडायचं, कातडं कमवायचं कामही त्यांनी केलं.

"पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथून पुढे आहे," वकीलबाई म्हणाल्या. "उचलता उचलता त्यांना कळलं की हे कुणीच उचलायला नको. मी नको आणि तो दुसराही नको. मग ते संडासाच्या बनावटीच्या मागे लागले. मैल्याचं जागच्या जागी खत होईल आणि कुणाला हात लावावा लागणार नाही, असे संडास. 'गोपुरी संडास' म्हणून लोकांनी बांधले ते. साधनेला बसलेला माणूस शेवटी गवंड्याशी बोलायला लागला. असा एक तरी सेवेकरी मला या तळावर दाखवा."

दाखवता येण्यासारखं तिथे जे होतं ते सेवेतून आलेलं नव्हतं. वारीतल्या मैल्याचा प्रश्न पंढरपूरला जुना आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या पडायच्या, लाखो माणसं उघड्यावर बसायची आणि नंतर सफाई कामगार ते हातानं उचलायचे. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. वाळवंटातल्या राहुट्या हलल्या, ६५ एकरांचा तळ आला, तात्पुरत्या संडासांच्या रांगा लागल्या, त्यामागे त्या याचिकेचा रेटा आहे. ज्या जागी हे दोघं चहा पीत होते ती जागासुद्धा एका अर्थानं न्यायालयाच्या आदेशांनीच सपाट केलेली. हे बाईंनी सांगितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "संडास आले हे खरं. पण त्यात पाणी टाकायला लोकांना शिकवलं ते 'निर्मल वारी'च्या पोरांनी. न्यायाधीश नव्हते आले." हेही खरंच होतं.

मग सावित्रीबाई फुल्यांचा विषय निघाला. काढला गुरुजींनी, थोड्या धूर्तपणे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात नेलं, आणि त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. तिथे कोणता कायदा होता, कोणती युनियन होती?

"त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधीच त्यांनी शाळा काढल्या होत्या," वकीलबाई म्हणाल्या. "आणि पोर उचलताना यानं माझं काय होईल, माझी किती उन्नती होईल, असा विचार केला असेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत. बाई, निष्काम म्हणतात ते यालाच! मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?"

"तुम्ही सकाळपासून झोप लागल्याचं सांगताय."

गुरुजी खळखळून हसले. बाईही हसल्या. वादात असं मध्येच झालं की पुढचं बोलणं बरं होतं. गुरुजींनी टिळकांच्या 'गीतारहस्या'चा आधार काढायला सुरुवात केली होती, मंडाले, लोकसंग्रह वगैरे, ते त्यांनी आपणच सोडून दिलं आणि विचारलं, "तुमच्या आईला कधी विचारलंत का हो?"

"काय?"

"तिला काय वाटायचं झाडताना. तुम्ही म्हणता उन्नती नाही, नुसता दमा. ते तिनं सांगितलं की तुम्ही ठरवलं?"

बाईंना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. आधी त्या जरा चिडल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या बाजूला फार सोयीचं नव्हतं. पालखी शहरातून जायची त्या दिवशी पुढच्या रस्त्याची झाडलोट आई मुकादमाकडून भांडून मागून घ्यायची. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. झाडून झाल्यावर ओंजळभर पाणी शिंपडायची. घरी येऊन दुसरं काही सांगायची नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज वेगळा असायचा.

"त्या दिवशी जादा पगार होता का?" गुरुजींनी विचारलं. प्रश्न खोचक होता, पण आवाज मऊ होता.

"होता. दीडपट." बाई थांबल्या. "दोन्हीसाठी मागायची. पगारासाठी पण आणि त्यासाठी पण."

दोन्ही एकत्र असू शकतं, हे सेवेवर बोलणारे लोक सहसा मान्य करत नाहीत. पगार घेतला म्हणजे सेवा संपली, असा एक समज आहे आणि त्याचा फायदा पगार देणाऱ्यालाच होतो. रुग्णालयातली नर्स, अंगणवाडीतली सेविका, आशा कार्यकर्ती: यांच्या कामाला 'सेवा' म्हणायचं आणि मग मानधनावर भागवायचं, हा सरकारी रिवाज आपल्या ओळखीचा आहे. शब्दाचा मान द्यायचा, पैशाचा नाही. गाडगेबाबांच्या नावानं २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावंच्या गावं रस्त्यावर उतरली, हे आर. आर. पाटलांचं मोठंच काम. पण त्याच गावांत रोज झाडणाऱ्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला किती मिळतं, याची चौकशी बक्षीस समारंभात झाल्याचं फारसं ऐकिवात नाही.

दुपार कलली होती. वाद मिटला नव्हता. गुरुजी एवढं मात्र म्हणाले की झाडायला जाण्याआधी मुकादमाला विचारायला हवं होतं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. मग दोघंही मुकादमाकडे गेले. तो पस्तिशीचा, घामाघूम माणूस. सेवेकऱ्यांनी काय केलं तर तुमचं काम हलकं होईल, या प्रश्नावर आधी त्याचा विश्वासच बसेना. मग तो भडाभडा बोलला. झाडायला माणसं आहेत म्हणाला, ती नकोत. तुमचे लोक सगळा कचरा एकत्र करून ढीग लावतात, फोटो काढतात आणि जातात. ओलं आणि प्लॅस्टिक आम्हाला पुन्हा हातानं निवडावं लागतं. निम्मे ढीग गटारीच्या तोंडाशी असतात, पाऊस आला की आत. त्यापेक्षा पंगत उठताना उभे राहा आणि लोकांना दोन पिंपांत वेगवेगळं टाकायला लावा. संडासांच्या रांगेत थांबा, पाणी संपलं की टँकरवाल्याला फोन करा. तिथे कुणी थांबत नाही, वास येतो म्हणून. आणि मॅडम, मोजे जरा बायकांच्या मापाचे बघा.

गुरुजींनी खराटा राहुटीत ठेवला आणि संडासांच्या रांगेकडे गेले. वकीलबाई ठेकेदाराच्या माणसाला शोधायला गेल्या. कुणाचं म्हणणं कुणाला पटलं हे सांगता येत नाही, पण गुरुजींच्या झोपेबद्दल आता बाईंची तक्रार नसावी.

कार्तिकी एकादशीला पंढरपुरात पुन्हा लाखोंची गर्दी होईल, आणि तशीच ती आळंदीला, देहूला, शेगावला, आपापल्या गावच्या उरुसाला होत असते. तिथे सेवेला जायचं ज्यांच्या मनात असेल त्यांनी जरूर जावं. जाताना घरचा खराटा न्यायची घाई करू नये. आधी तिथल्या मुकादमाचा नंबर मिळवावा, काय हवं आहे ते त्याला विचारावं, आणि तो सांगेल ते काम वासाचं असलं तरी नाही म्हणू नये. शिवाय लहान मापाचे रबरी हातमोजे बाजारात मिळतात. डझनभर न्यावेत.